गाडी आपली, पोरं कुणाची?

पार्किंगमधल्या बाइकवर चढून क्लच दाबणारी सोसायटीतली पोरं आपल्याला वैताग वाटतात. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार ७ वर्षांखालच्या मुलाची कुठलीच कृती गुन्हा ठरत नाही. मग समजूतदारपणाची अपेक्षा उरते ती गाडीच्या मालकाकडूनच. साइड स्टँडवर कललेली दीडशे किलोची गाडी एखाद्यावर पडली किंवा तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजली, तर ‘हात लावू नको म्हटलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. म्हणून मेन स्टँड, हँडल लॉक, इंजिन गार झाल्यावर कव्हर, हे सगळं आधी पोरांसाठी, मग गाडीसाठी. आणि दरडावण्याआधी एकदा जवळ बोलावून सायलेन्सर का तापतो ते सांगावं. धाक आपली पाठ वळेपर्यंतच टिकतो. कळलेली गोष्ट नंतरही टिकते.