मातीच्या मावळ्याला थंडी वाजते का?

गळ्यात तुळशीची माळ घालताना माणूस जी पथ्यं स्वीकारतो, त्यात खोटं न बोलणं हे एक. एकादशी सांभाळणं त्यामानाने सोपं. आमच्या घरात ही माळ माझ्या आजोबांपासून आहे आणि नऊ वर्षांच्या नातीला तिचे नियम पाठ आहेत. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत तिने विचारलेला प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. किल्ल्यावरच्या एका मावळ्याची गोष्ट ती लिहीत होती. मावळ्याला रात्री थंडी वाजते, असं लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "आबा, मावळा तर मातीचा. त्याला कुठली थंडी? मग मी हे खोटं लिहिलं ना?"

आम्ही माणला राहतो. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा या गावच्या जमिनींवर पसरला आहे आणि शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोची गाडीतळाची जागाही इथलीच. काचेच्या इमारतींच्या मागे अजून भाताची खाचरं आहेत. दिवाळीच्या सुमाराला तिथे कापणी चालते. नात शाळेत जात नाही. सूनबाई तिला आणि तिच्या पाच वर्षांच्या भावाला घरीच शिकवते. पुढे चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसता येतं, तोपर्यंत घाई नाही.

शेजारी विचारतात, शाळाच नाही तर सुट्टी कसली? मला वाटतं, सुट्टीची खरी गरज या मुलांनाच जास्त. शाळेतल्या मुलाला घर ही बाईंपासून सुटका असते आणि शाळा ही आईपासून. घरी शिकणाऱ्या मुलाची आई आणि बाई एकच. पोहे खाताना चुकलेलं वाक्यही सुधारलं जातं. ज्या जागी आपल्याला कुणी शिकवत नाही अशी जागाच त्याच्याजवळ नसते, आणि मनातलं लिहायला तर तीच जागा लागते. म्हणून सूनबाईने आणि मी ठरवलं, की वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वह्या बंद. कोऱ्या कागदांचा गठ्ठा दिवाणखान्यातल्या टेबलावर, शेजारी पेन्सिली. विषय द्यायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं नाही. "वा, छान!" असंही पटकन म्हणायचं नाही, कारण शाबासकी मिळायला लागली की मूल कागदाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. लिहिलेलं सगळं शिवून घरातला हस्तलिखित दिवाळी अंक करायचा, एवढंच मुलांना सांगितलं. मराठी माणसाला दिवाळी अंक वेगळा समजावावा लागत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा काढला तेव्हापासून तो फराळाच्या ताटाइतकाच घरचा झाला आहे.

किल्ला सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात झाला. विटा, गोणपाट, वरून चिखल आणि त्यावर पेरलेले अळीव. बाजारातून आणलेल्या मावळ्यांपैकी एकाची तलवार पिशवीतच मोडली. मुलांनी तो टाकून दिला नाही, खालच्या दरवाज्यावर उभा केला. नातीची गोष्ट त्याचीच. हातात काही नसताना त्याला पहारा करायचा आहे. समोर तिसऱ्या टप्प्यातल्या इमारतींचे दिवे दिसतात. तो महाराजांना विचारतो, हा गड कुणाचा, इतके दिवे आहेत आणि मशाल एकही कशी नाही?

आता प्रश्न खरं-खोट्याचा. घडलं नाही ते लिहिलं म्हणजे खोटं, अशी सोपी व्याख्या केली तर आमच्या वारकरी संप्रदायातलं कितीतरी फडताळात ठेवून द्यावं लागेल. एकनाथ महाराज पैठणचे ब्राह्मण. पण त्यांच्या भारुडांत ते कधी वासुदेव होतात, कधी जोशी, कधी गोंधळी, कधी महार, कधी विंचू चावलेला माणूस. नाथांना विंचू चावला होता का, असं कुणी विचारत नाही. चावतो तो काम-क्रोधाचा विंचू आणि त्याची कळ ऐकणाऱ्याला आपल्या अंगात जाणवते. कीर्तनात मी वर्षानुवर्षं गवळणी ऐकल्या, दाढीमिशीवाल्या बाप्यांनी गोपीच्या तोंडून म्हटलेल्या. कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण म्हणणारा आणि ऐकणारा दोघांनाही कराराची कल्पना असते. प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून कवींना बाहेर काढायला सांगितलं, ते अनुकरण करतात म्हणून. वारकऱ्यांनी नेमके तेच लोक पालखीपुढे चालवले.

उलट बाजू महाभारतात आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने खरोखर मारला होता. युधिष्ठिर जे बोलला त्यातला शब्द न् शब्द घडलेला होता. तरी ते खोटं ठरलं, द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं आणि धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. म्हणजे खोटेपणा घटनेत शोधायचा नसतो, हेतूत शोधायचा असतो. समोरच्याला अंधारात ठेवून आपलं काही साधून घ्यायचं आहे का? नातीला मावळ्याकडून काय साधायचं होतं?

मी पिंपरीला कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली. तिला मी तेच उदाहरण दिलं. जो भाग अजून जगात कुठेच नाही त्याचं ड्रॉइंग आमच्या हातात यायचं. त्याला कुणी खोटं म्हणत नसे. मापं जुळतात का, एवढंच बघायचं. तुझ्या मावळ्याचं माप जुळतं का? तलवार नसलेल्या माणसाला रात्री दरवाज्यावर कसं वाटेल, ते तुला आतून कळलं का? ती म्हणाली, "कळलं. गॅलरीत उभी राहिले होते ना मी, स्वेटर न घालता."

खोटं काय असतं ते त्याच आठवड्यात टेबलावर आलं. लेकीचा मुलगा सुट्टीला आलेला. तो शाळेत जातो, सहावीत आहे, गुणी आहे. त्याने अंकासाठी 'माझी दिवाळीची सुट्टी' असा निबंध एका बैठकीत लिहून दिला. अक्षर मोत्यासारखं. त्यात मामाच्या गावची नदी खळखळत होती, कौलारू घर होतं, मामा बैलगाडी घेऊन स्टँडवर आला होता. त्याचा मामा म्हणजे माझा मुलगा. तो अकराव्या मजल्यावर राहतो आणि भाच्याला आणायला त्याने कॅब पाठवली होती. यात पोराचा काही दोष नाही. अशी वाक्यं त्याला तयार मिळाली, त्यांना गुण मिळाले, त्याने ती जपून ठेवली. पण माळेच्या हिशेबाने मला विचाराल तर दोघांत असत्याच्या जवळ हा निबंध आहे, मातीचा मावळा नाही. अनुभवावाचून बोलणाऱ्यांवर तुकोबांचा जो राग आहे तो इथे, देहूपासून एवढ्या जवळ राहून, आपण विसरता कामा नये.

धाकट्याला अजून लिहिता येत नाही. तो सांगतो, मी उतरवून घेतो. यात कमीपणा काही नाही. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलले, ते साने गुरुजींनी टिपून ठेवलं म्हणून आज हातात आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. लेक सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने ओव्या लिहून ठेवल्या. लेखकूचा धर्म एकच, आपलं घुसडायचं नाही. धाकट्याने सांगितलं, "हत्ती मेट्रोत बसला आणि मेट्रो हसली." माझ्या हाताला 'थांबली' लिहायची खोड. मी 'हसली'च लिहिलं.

ज्ञानदेवांची आठवण आणखी एका कारणाने निघते. समाजाने वाळीत टाकलेली ती चार भावंडं. थोरले निवृत्तिनाथच ज्ञानदेवांचे गुरू. शिक्षण घरातल्या घरात झालं. आणि सगळ्यांत धाकटी मुक्ताई, ती दार बंद करून बसलेल्या ज्ञानदेवांना समजावते. लहानाने मोठ्याला खरं सांगायचं, याला आमच्याकडे फार जुना आधार आहे.

तो आधार मला लगेच लागला. नातीने गोष्ट पुढे नेली. त्या मावळ्याचा बाप दुसऱ्या गडावर कामाला आहे. त्या गडावर दिवस असतो तेव्हा इकडे रात्र असते. त्यामुळे बाप त्याला दिसत नाही, फक्त दाराआडून बोलणं ऐकू येतं. सूनबाईने वाचलं आणि गप्प झाली. माझा मुलगा अमेरिकेच्या वेळेवर काम करतो; संध्याकाळी खोलीचं दार लागतं ते मध्यरात्रीनंतर उघडतं. पाहुण्यांपुढे अंक वाचला जाणार, तेवढं पान काढूया का, असं ती म्हणाली. तिची काळजी चुकीची नव्हती. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे, त्यात सत्याच्या जोडीला कुणाचं मन न दुखावणं आणि हिताचं असणं हेही येतं. पण हिताचं काय, हे आपण मोठ्यांनीच ठरवून पान फाडलं, तर पुढच्या सुट्टीत ती बैलगाडी आणि खळखळणारी नदी लिहील. आणि उघड तक्रार तिने केलीच नव्हती. जे बापाला तोंडावर म्हणता आलं नसतं, त्याला तिने मावळ्याचं अंग दिलं. मनही दुखावलं जाऊ नये आणि खरंही बोललं जावं, याला गोष्टीइतकी सोय दुसरी मला माहीत नाही. मी म्हटलं, पान तिचं आहे, तिलाच विचारू.

ती म्हणाली, पाहुण्यांना नको, आधी बाबांना. भाऊबीजेच्या दुपारी तिने वाचून दाखवलं. मुलाने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "मग तो बाप येतो का गडावर?" ती म्हणाली, "ते मला अजून माहीत नाही. तलवारीचं आधी लिहायचंय." त्या गोष्टीला आणखी कागद लागणार, म्हणून मी अंक शिवायला घेतलेला नाही. सुईदोरा काढून ठेवला आहे. आणि लेकीच्या मुलाने आपला निबंध परत मागून घेतला, त्याला कॅबमधल्या काकांबद्दल लिहायचं आहे म्हणे, ते वाटेत वाकडच्या सिग्नलला गाणं म्हणत होते.