करंगळी आणि धरण



वर्तमानपत्रातील अर्थकारणाचे पान आता आपल्याही घराघरांत वाचले जाते. त्यात गैर काही नाही. मात्र एखाद्या दूरच्या देशाची प्रगती वाचताना आपण नेमके कोणाकडे पाहत असतो, हा प्रश्न आम्हाला पडतो.

ब्राझीलचेच पाहा. २००१ साली जिम ओनील या अर्थतज्ज्ञांनी ब्राझील, रशिया, भारत व चीन यांच्या आद्याक्षरांवरून ‘ब्रिक’ हा शब्द रूढ केला. म्हणजे उगवत्या देशांच्या त्या यादीत आपणही आहोत. आपल्याकडेही कोणीतरी असेच दुरून पाहत असते. पुढच्या दशकात ब्राझीलचे लोहखनिज चीनला भरभरून गेले, आणि २००३ पासून ‘बोल्सा फमिलिया’ योजनेतून गरीब कुटुंबांच्या हातात पैसाही पडू लागला. ही प्रगती खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

हे खनिज मुख्यतः ज्या राज्यांतून निघते, त्यांपैकी एक मिनास जेराइस. त्याच्या नावातच खाणी आहेत. अठराव्या शतकात तेथील सोने गुलामांनी खणले. ब्राझीलमधील गुलामगिरी १८८८ मध्ये संपली, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. याच राज्यातील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी ‘वाले’ कंपनीच्या खाणीचे धरण फुटले. ते पाण्याचे धरण नव्हते. खनिज धुऊन उरलेला गाळ त्यात साठवलेला होता आणि त्या गाळावरच बांध थराथराने उंच करत नेला होता, कारण ती पद्धत स्वस्त. काही महिन्यांपूर्वीच धरण सुरक्षित असल्याचा दाखला मिळाला होता. जेवणाची वेळ होती, आणि कामगारांची खानावळ धरणाच्या खालच्या अंगालाच होती. २७० माणसे गेली.

सोमवारी कंपनीचा शेअर चोवीस टक्क्यांहून अधिक कोसळला. पुढे खनिजाचा पुरवठा घटला म्हणून जगात त्याचा भाव चढला. कोणाचे तरी पैसे त्यातही वाढले. त्यांनी काही पाप केले असे म्हणता येईल का?

अर्थशास्त्राचे जनक ॲडम स्मिथ हे मुळात नीतिशास्त्राचे प्राध्यापक. १७५९ च्या ग्रंथात ते म्हणतात, चीन भूकंपात गडप झाला तर युरोपातला भला माणूस हळहळेल आणि रात्री खुशाल घोरेल. उद्या आपली करंगळी जाणार म्हटले तर मात्र त्याचा डोळा लागणार नाही. एवढे सांगून स्मिथ थांबत नाहीत. करंगळी वाचवायला तो लाखोंचा बळी देईल का? नाही, त्याच्या आत बसलेला न्यायाधीश त्याला अडवील. आम्हाला वाटते, अडचण इथेच आहे. बाजारात हा प्रश्न आपल्याला कोणी विचारीतच नाही. आपण फक्त भाव पाहतो, आणि आतल्या न्यायाधीशापुढे खटला येतच नाही. म्हणून पाप केले असे नाही म्हणवत, आणि निर्दोष आहोत असेही नाही म्हणवत.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्राझीलच्या संसदेत ‘वाले’चे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, कंपनी हे देशाचे रत्न आहे, एका अपघातासाठी तिला दोषी धरता येणार नाही. मृतांच्या नातेवाइकांनी तोच शब्द उचलला. तेव्हापासून ते आपल्या माणसांना ‘रत्ने’ म्हणतात. त्यांच्या हिशेबी ती २७० नाहीत, २७२ आहेत. दोन बाळे आईच्या पोटात होती.