दृष्टीआडचे सहकारी

‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आपल्याकडे बहुधा संशयाच्या सुरात उच्चारली जाते. डोळ्यांसमोर नाही तेथे काय चालले असेल ते देव जाणे, असा तिचा रोख. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सॉफ्टवेअर रचणारे असंख्य अभियंते कचेऱ्या सोडून घरून काम करू लागले. साथ ओसरली, तरी ही रीत पुरती गेली नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी माडीवरच्या खोलीत असा एखादा मुलगा अथवा सून आजही बसत असेल. त्यांच्यावर जे प्रमुख नेमले जातात, त्यांच्यापुढे त्या म्हणीने एक खराखुरा नैतिक प्रश्न उभा केला आहे: जो दिसत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा तो कोणत्या आधारावर?

गेल्या पावसाळ्यात फोंडा तालुक्यातील आमच्या परिचयाचा एक तरुण सायंकाळची आरती आटोपल्यावर आमच्यापाशी येऊन बसला. त्यास नुकतेच सात अभियंत्यांचे प्रमुखपण मिळाले होते. कोणी पुण्यात, कोणी इंदुरात, दोघे हैदराबादेत. तो म्हणाला, ‘‘काका, माणसे दिसतच नाहीत. ती कामात आहेत की नाहीत, हे ओळखावे कसे?’’

उपाय मात्र त्याने आधीच योजिला होता. कळफलकाची हालचाल मोजणारी व दर दहा मिनिटांनी पडद्याचे चित्र टिपणारी एक प्रणाली त्याने प्रत्येकाच्या संगणकावर बसविली होती. एके दिवशी हैदराबादच्या एका मुलीचे दोन तास त्या नोंदीत रिकामे दिसले. त्याने सर्वांसमक्ष तिला जाब विचारला. ती त्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन एका दोषाचा माग काढीत होती. त्या दोषापायी ग्राहकांची बिले अधूनमधून दुप्पट होत. सायंकाळपर्यंत चार ओळी बदलून तिने तो दूर केला. जाबाला तिने उत्तर दिले नाही. पण ‘येथे मला शंका आहे’ हे तिचे नेहमीचे वाक्य त्या दिवसापासून बंद झाले.

आमच्या मते चूक झाली ती देखरेख आणि पाळत यांतील भेद न ओळखल्याने. देखरेख कामावर असते, पाळत माणसावर. कळफलकाच्या टकटकीवरून विचाराचे माप घेणे म्हणजे टाळांच्या आवाजावरून भक्तीचे माप घेणे होय. अर्थात ही अस्वस्थता त्या एका तरुणाची नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी आपल्या हातून काम नीट होते असे म्हणाले. त्याची पूर्ण खात्री असलेले प्रमुख मात्र अवघे १२ टक्के निघाले.

मग डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? तसेही नव्हे. दूर मुंबईस किंवा बेळगावास राहणारा महाजन देवळाच्या कारभाऱ्यामागे दिवसभर उभा राहत नाही. तो सभेत हिशेबाची वही मागतो. वही मागणे हा अविश्वास नव्हे. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात अशी वही आहेच. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली जगभर विखुरलेल्या माणसांनी वाढविली. त्यांतील कित्येकांनी एकमेकांस कधी पाहिलेही नाही. तिच्यासाठी टॉरव्हाल्ड्स यांनीच २००५ मध्ये ‘गिट’ रचले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, हे त्यात नोंदलेले राहते, आणि मुख्य प्रणालीत घेण्यापूर्वी बदल दुसऱ्याने तपासावयाचा अशी रीत आहे. ही वही प्रमुखाने वाचावी. मात्र तीतील ओळी मोजू नयेत. त्या मुलीच्या ओळी चारच होत्या.

वही वाचून प्रमुखाचे कर्तव्य संपत नाही. कचेरीच्या ओसरीवर जे सहज कानावर पडे, ते घरी बसलेल्यास कळत नाही. म्हणून प्रत्येक निर्णय कारणासह लिहून ठेवावा. आठवड्यातून अर्धा तास प्रत्येकाशी एकान्तात बोलावे, आणि त्यात कामाची प्रगती न विचारता कामातील अडचण विचारावी. गोवा आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर पडते. तेव्हा सभेसाठी नेहमी एकाच बाजूने झोप मोडू नये. तो भार पाळीपाळीने वाटून घ्यावा.

याहून मोठा धोका विसरण्याचा आहे. शांघाय येथे सीट्रिप या प्रवासी कंपनीत दूरध्वनीवर ग्राहकांशी बोलणाऱ्यांवर नऊ महिने एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. परंतु तितक्याच गुणाच्या कचेरीतील माणसांच्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या. ते काम अभियंत्यांचे नव्हते, हे खरे. पण मनुष्यस्वभाव तोच. आपण भितो ते न दिसणारा माणूस आपल्यास फसवील म्हणून. घडते असे की आपणच त्यास विसरतो.

आता कोणी खरोखरच कामचुकार निघाला तर? निघतोही. त्यास आधी एकान्तात विचारावे. घरी आजारपण असेल, काम नीट समजले नसेल. त्यानंतरही अंगीकारलेले काम होत नसेल, तर स्पष्ट बोलून निर्णय घ्यावा. परंतु एकाच्या लबाडीसाठी सहांच्या उंबरठ्यावर पहारेकरी बसविणे हा न्याय नव्हे.

त्या तरुणाने ती प्रणाली काढून टाकली, आणि ज्या सर्वांसमक्ष जाब विचारला होता त्यांच्याच समक्ष त्या मुलीची क्षमा मागितली. तिचा मोकळेपणा अद्याप पुरता परतलेला नाही, असे तो सांगतो. आम्हांस त्याचे नवल वाटत नाही. विश्वास प्रथम ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच टाकावयाचा असतो, कारण तो फुकट गेला तरी त्याचे नुकसान थोडे. ज्याच्यावर अविश्वास दाखविला जातो, त्याचे नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.