दारी झुलणारा हत्ती

ज्याच्या दारी हत्ती झुलतात तो भाग्यवंत, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे. लहानपणी आजीच्या तोंडून हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील, याची गणती नाही. एखाद्या घराण्याची उतरती कळा सांगायची झाली, की 'एके काळी त्यांच्या दारी हत्ती झुलत होते हो!' इथून तिची सुरुवात होई. पुढे मी मास्तर झालो आणि हाच वाक्प्रचार वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून मुलांकडून त्याचा वाक्यात उपयोग करून घेत आलो. 'झुलणे' या शब्दात मला नेहमी एक डौल दिसे, एक तृप्ती दिसे. हत्ती का झुलतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझ्या कुठल्या विद्यार्थ्यालाही तो पडला नाही. पडला असेल, तरी मला विचारण्याचे धैर्य त्याला झाले नसेल.

या न पडलेल्या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या हिवाळ्यात मथुरेजवळ मिळाले.

आम्ही उभयता मथुरा-वृंदावनाच्या यात्रेला गेलो होतो. मथुरा जिल्ह्यात, आग्र्याच्या वाटेवर, चुरमुरा नावाचे एक गाव आहे. तिथे वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने २०१० मध्ये हत्तींसाठी एक आश्रयस्थान उभे केले. रस्तोरस्ती भीक मागत फिरवलेले, सर्कशीत खेळवलेले, लग्नाच्या वरातीत मिरवलेले हत्ती तिथे आणून सांभाळतात. २०१८ मध्ये जवळच हत्तींसाठी रुग्णालयही निघाले. आधी कळवून, वेळ ठरवून गेले तर ते पाहता येते. हत्तीवर बसायला मिळत नाही, हत्तीचे खेळही होत नाहीत. "मग तिथे पाहायचे काय?" असे मी पत्नीला विचारले होते. ती म्हणाली, "हत्ती पाहायचे. आणखी काय?" मला आता वाटते, की मी जन्मभर खेळ पाहिले, मिरवणुका पाहिल्या, हत्ती पाहिलाच नव्हता.

आत शिरल्यावर कुंपण घातलेले एक मोकळे मैदान लागले. एका झाडाखाली एक म्हातारी हत्तीण उभी होती. तिच्या पायात साखळी नव्हती, पाठीवर झूल नव्हती, आसपास माणूस नव्हता. आणि ती झुलत होती. अंगाचा भार उजव्या पायावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. सोंड त्याच तालात इकडून तिकडे. मी पत्नीला हलकेच म्हणालो, "पाहा, किती सुखात आहे!"

आम्हाला वाट दाखवणारा तरुण हे ऐकून थांबला. खुणेने त्याला माझी मराठी कळली असावी. त्याने शांतपणे सांगितले, की हे सुख नव्हे. रानातला हत्ती असा झुलत नाही. खाण्यापाण्याच्या शोधात कोसच्या कोस चालावे, ही त्याची प्रकृती. असा प्राणी वर्षानुवर्षे चार हात साखळीला बांधून ठेवला, की पायांना जाता येत नाही आणि मग अंगच जागच्या जागी चालू लागते. साखळी तोडून बरीच वर्षे झाली, तरी ही सवय तुटलेली नाही.

मी त्या हत्तिणीकडे पाहत राहिलो. आजीचे भाग्यवंत घराणे माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यांच्या दारी जे झुलत होते ते त्यांचे वैभव नव्हते. कुणाचे तरी दुःख होते, आणि साऱ्या गावाने त्याला वैभव असे नाव दिले होते.

पण मला जे सांगायचे आहे ते याच्या पुढेच आहे.

थोड्या वेळाने आम्ही दुसऱ्या एका हत्तिणीपाशी आलो. तिच्या पायांवर उपचार करण्याची वेळ झाली होती. हत्तीचा पाय खांबासारखा भक्कम दिसतो खरा. पण हा एवढा मोठा जीव एका अर्थी चवड्यांवर उभा असतो, आणि त्याच्या टाचेखाली मांसल गादी असते. डांबरी रस्त्यावर, सिमेंटच्या फरशीवर, स्वतःच्या घाणीत उभे राहून ती गादी झिजते, चिरते, सडते. नखांपाशी गळवे होतात. पाळीव हत्ती पुष्कळदा पायांनीच मरतो. ही हत्तीण लोखंडी गजांच्या पलीकडे उभी होती. अलीकडे माहूत पाण्याची बादली, औषध आणि केळ्यांची पाटी घेऊन बसला होता. त्याच्या हातात अंकुश नव्हता. त्याने हाक मारली. हत्तिणीने पाय उचलून गजांमधल्या आडव्या पट्टीवर ठेवावा, अशी त्याची अपेक्षा दिसली. ती ठेवीना. त्याने केळे दाखवले. तिने ते सोंडेने घेऊन खाल्ले आणि पाठ फिरवली.

आता हा काय करतो, म्हणून मी पाहत होतो. तो उठला, बादली झाकून ठेवली आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "आज उसका मन नहीं है।"

"मग औषध?" मी विचारले.

"शाम को फिर पूछेंगे।"

'पूछेंगे'! हा शब्द ऐकून मी थबकलो. आमच्याकडे हत्तीला सांगतात, हाकतात, शिकवतात, सजवतात, पुजतात. हत्तीला विचारतात, हे मी प्रथमच ऐकत होतो.

खरे पाहिले तर हत्तीची आणि आपली संगत काही थोडीथोडकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तींच्या रानांची व्यवस्था आहे, हस्त्यध्यक्ष आहे. हत्ती मारणाऱ्याला देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. वीस वर्षांचा हत्ती धरावा. लेकुरवाळी, गाभण आणि रोगी हत्तीण धरू नये, एवढा बारकाईचा विचार आहे. पालकाप्याच्या नावाने हत्तींचा सबंध आयुर्वेद आहे. हे वाचून ऊर अभिमानाने भरून येतो. पण ही सारी काळजी कशासाठी? राजाचा जय हत्तींवर अवलंबून, म्हणून. मैसूर संस्थानात खेडा घालून हत्तींचे कळपच्या कळप कोंडीत. मग माणसाळलेल्या हत्तींच्या मदतीने एकेकाला दोरखंडांनी जखडीत आणि भुकेने, भयाने त्याचा हट्ट मोडीत. तो मोडला म्हणजे हत्ती 'तयार' झाला. या शब्दाचा अर्थ एवढाच, की यापुढे तो कशालाही नाही म्हणणार नाही.

मग त्याच्याकडून काय वाटेल ते करवून घेता येते. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. ती हकीकत शिकवताना विठोजीच्या यातनांचे आणि पेशव्याच्या क्रौर्याचे वर्णन मी पुष्कळ वेळा केले आहे. पण त्या हत्तीचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्याचे विठोजीशी काय वैर होते? ज्या पायाने त्याने तो देह चिरडला, तो पाय मागे घेण्याची मुभा त्याला असती तर? माझ्या लहानपणी सर्कशीतला हत्ती शंकराच्या पिंडीवर सोंडेने पाणी घाली आणि आम्ही प्रेक्षक भक्तिभावाने हात जोडीत असू. वध आणि पूजा, दोन्ही कामे हत्तीने सारख्याच आज्ञाधारकपणे केली. आज्ञेपलीकडचे असे त्यात त्याचे काहीच नव्हते.

त्या माहुताशी बोलल्यावर मला वाटू लागले, की बंदिवास आणि आश्रय यांतला फरक कुंपणात शोधू नये. कुंपण दोन्हीकडे असते. चुरमुऱ्याचे हत्ती काही रानात परत जाणार नाहीत. पिल्लूपणीच आईपासून तोडलेले, कळपाचे रीतिरिवाज न शिकलेले, अंध, लंगडे झालेले हे जीव रानात टिकायचे नाहीत, आणि माणसाची भीती गेल्यामुळे गावात मात्र शिरतील. त्यांना मुक्ती देणे आता कुणाच्याच हाती नाही. २०१४ च्या जुलै महिन्यात राजू नावाच्या हत्तीला उत्तर प्रदेशात रातोरात सोडवून इथे आणले. सुमारे पन्नास वर्षे तो साखळदंडांत होता, आणि त्या साखळीला काटे होते. ती पन्नास वर्षे त्याला कोण परत देणार? परत देता येते ते एकच, आणि ते फार लहान आहे. नाही म्हणण्याचा हक्क. त्या हत्तिणीने पाठ फिरवली आणि तिला त्याची शिक्षा झाली नाही, एवढ्याच अवकाशात तिचे स्वातंत्र्य मावलेले होते.

यावर कुणी म्हणेल, रोग्याच्या मर्जीवर औषध सोडून चालेल काय? नाही चालणार. जिवावर बेतले तर डॉक्टर तिला गुंगीचे औषध देऊन उपचार करतील, आणि ते योग्यच होईल. तिने रोजच पाठ फिरवली तर दयाळूपणाचीही कसोटी लागेल. पण निकडीच्या वेळी केलेली सक्ती निराळी आणि सक्ती हाच नित्याचा व्यवहार होणे निराळे. सक्ती करावी लागली याची खंत ज्याला वाटते, त्याच्या हाती जीव सोपवायला हरकत नाही.

इथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. २०२५ च्या जुलैत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातेत जामनगरला नेली. १९९२ पासून ती मठात होती. ती निघाली तेव्हा गावाने हंबरडा फोडला. पुढे हजारो माणसे मूक पदयात्रेने कोल्हापूरपर्यंत चालत गेली. ते अश्रू खोटे होते असे म्हणणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही. दुसऱ्या बाजूने तिच्या पायांच्या दुखण्याचे आणि एकटेपणाचे दाखले दिले जात होते. तेही हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत मी मठाच्या बाजूने तावातावाने बोललो. 'आमची महादेवी' असे म्हणालो. दोन्ही पक्ष तिच्या वतीने बोलत होते आणि दोघांचेही तिच्यावर प्रेम होते. आपल्या कायद्यात पाळीव हत्तीसाठी मालकीचा दाखला असतो. प्रेमाजवळही असा एक अदृश्य दाखला असतो, आणि माझ्या 'आमची' या शब्दात तो होता. तिने कुठे राहावे, हे मी आजही सांगू शकत नाही. पण प्रेम आहे म्हणजे विचारण्याची गरज उरली नाही, असे मी तेव्हा धरून चाललो होतो. ते चूक होते, एवढे मला कळते.

ते चूक होते हे मला हत्तिणीने शिकवले असे म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे ते मला बारा-तेरा वर्षांपूर्वीच कळायला हवे होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलाने गाणे म्हणावे, असे माझ्या मनात आले. गळा गोड, पण मुलगा भिडस्त. "मला नको, सर," असे तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी त्याला ते म्हणू दिले नाही. छडी उगारली नाही, नुसते पाहिले. मास्तरांच्या पाहण्यातही अंकुश असतो. तो गायला. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली. मुलाला वळण लावावे ते असे, असे मला वाटले. पुढे ते पोर वर्गात आपणहून एक शब्द बोलले नाही. विचारले की उत्तर देई, सांगितले की करी. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे मी शेरा लिहिला होता: 'आज्ञाधारक'. तो बाकावर बसून पुस्तकावर डोळे ठेवून पुढे-मागे हलत असे. पाठांतर करतो आहे, अशी माझी समजूत होती.

आज त्याची क्षमा मागायची म्हटले, तर तो कुठे आहे, हे मला ठाऊक नाही. आणि मागितली, तरी ते वर्ष त्याला परत मिळणार नाही. चुरमुऱ्याला जे केळी घेऊन हत्तीच्या पायाशी बसतात, त्यांनाही हे माहीत असावे. एकाने घातलेल्या साखळीचे ऋण दुसरा फेडतो आहे, आणि ते पुरते फिटणार नाही हे जाणून फेडतो आहे. माझ्यापुरते म्हणाल तर वर्गात एखादा मुलगा 'नको' म्हणाला, की आता मी थांबतो. कधी त्याला समजावतो, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. गणित आणि शुद्धलेखन चुकवू देत नाही. तेवढे औषध द्यावेच लागते. पण त्याचा नकार ऐकून घेतो. यामुळे वर्गात थोडा गोंगाट वाढला आहे, अशी तक्रार माझ्या कानावर आली आहे.

त्या हत्तिणीने संध्याकाळी पाय पुढे केला की नाही, हे मला कळले नाही. आमची वेळ संपली होती, आग्र्याची बस गाठायची होती. फाटकातून बाहेर पडताना मागे वळून पाहिले, तेव्हा झाडाखालची म्हातारी हत्तीण झुलायची थांबली होती. ऊस आला होता. तिने एक कांडे उचलले, मातीवर आपटून झटकले आणि सावकाश चालत ती कुंपणाच्या पलीकडच्या टोकाकडे गेली. तिला तिकडे कुणी बोलावले नव्हते.