वाचला तो योग्यच काय?

संकट ओसरल्यावर जो उभा दिसतो, त्याच्या अंगी काही विशेष गुण असलाच पाहिजे, असे मानण्याकडे मनुष्याच्या बुद्धीचा स्वाभाविक कल असतो. योग्यतम तोच टिकतो हा विचार स्पेन्सरने १८६४ साली शब्दबद्ध केला. परंतु त्यापूर्वीही लोक असाच न्याय करीत होते. हा न्याय कितपत खरा, हे पाहण्यास परसातील टोमॅटोचा वाफा पुरेसा आहे.

केळापूरकडे पावसाळी हवेत टोमॅटोवर करपा पडला की प्रथम जमिनीलगतच्या जुन्या पानांवर तपकिरी डाग उठतात. त्यांत एकात एक अशी वर्तुळे दिसतात. मग पाने पिवळी पडून गळतात आणि रोग वर चढतो. आठांपैकी सहा रोपे गेली व दोन हिरवी राहिली, तर पाहणारा म्हणतो, ‘ही दोन कणखर!’ वस्तुतः या रोगाची बुरशी जुन्या पालापाचोळ्यात व मातीत दडून असते; पावसाच्या थेंबांसरशी ती पानांवर उडते आणि पान फार वेळ ओले राहिले तरच रुजते. तेव्हा पागोळ्यांखालचे रोप मरते, वाऱ्याउन्हातले वाचते. याहून विलक्षण गोष्ट ही, की फळांनी लदलेले रोप या रोगास लवकर वश होते. फळे पोसण्यात पानांचे बळ सरलेले असते. म्हणजे ज्याने अधिक दिले, तेच कित्येकदा आधी करपते!

आयर्लंडात १८४५ पासून बटाट्यावर दुसऱ्या जातीचा करपा पडला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि हे ईश्वरी शासन आहे असे म्हणणारेही निघाले. रोगाचे कारण बुरशी आहे, हे डी बारी याने १८६१ साली प्रयोगाने दाखविले; परंतु मेलेल्यांवरील ठपका तेवढ्याने पुसला गेला नाही.

हा प्रश्न आम्हांस केवळ वनस्पतींचा वाटत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. कोरडवाहू कपाशीच्या या मुलखात एक घर बुडाले की चावडीवर निकाल लागतो: ‘त्याला व्यवहार कळला नाही, शेजारचा नाही का तरला?’ शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी होते, किंवा त्याचा मुलगा नोकरीस होता, हे कोणी मोजीत नाही. बुडालेल्याने भावांची शिक्षणे व बहिणींची लग्ने पार पाडली होती, म्हणजे तोही फळांनी लदलेला होता, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मग प्रयत्न व्यर्थ काय? मुळीच नाही. खालची पाने खुडावी, रोपास काठीचा आधार द्यावा, पाणी बुडाशी घालावे. याने रोपे खरोखर वाचतात. वाचलेल्याचे बीही राखावे. मात्र ते रोप कणखर होते असे म्हणण्यापूर्वी त्याची संतती त्याच ओल्या, रोगट जागी लावून पाहावी. माणसांविषयी अशी परीक्षा घेता येत नाही. म्हणून तेथे निकाल देताना दुप्पट संयम हवा. तरलेल्याचे कौतुक खुशाल करावे. परंतु त्याच्याकडे बोट दाखवून बुडालेल्यास दोष देण्याचा अधिकार, आमच्या मते, कोणासही नाही.