पारख आणि प्रमाणपत्र

निकाल लागल्यावर "मला वाटलंच होतं" म्हणणाऱ्या माणसांची आपल्याकडे काही कमतरता नाही. दहावीचा निकाल असो, ठरलेलं लग्न मोडो, कुणाचा धंदा बसो की उठो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं आधीच कळलेलं असतं. आदल्या दिवशी मात्र हीच माणसं "बघू या, काय होतंय ते" एवढंच बोलतात. यात वाईट काय, असं कुणी विचारेल. जे ठाऊक नाही त्याबद्दल बोलू नये, हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. पण जाणत्याने शिक्का मारेपर्यंत आपण नीट पाहायचंच नाही का? आपल्याला जे दिसलं ते आधी बोलून दाखवणं हा आगाऊपणा की जबाबदारी?

या प्रश्नाला मला एका जुन्या नाण्याने लावलं.

माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याला जुन्या नाण्यांचा नाद. गेल्या वर्षी त्याने पाव डॉलरचं एक चांदीचं नाणं घेतलं, १८९३ सालचं. संग्राहक त्याला 'इसाबेला क्वार्टर' म्हणतात. कोलंबस अमेरिकेला पोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच निमित्ताने तिथे सर्वधर्म परिषद झाली आणि वीरचंद राघवजी गांधींनी त्या व्यासपीठावर जैन धर्म मांडला, म्हणून शिकागो आणि १८९३ ही जोडी आपल्या लोकांना अनोळखी नाही. या प्रदर्शनात बायकांचं एक स्वतंत्र मंडळ होतं. बर्था पामर त्याच्या अध्यक्ष. मंडळाने सरकारकडून मिळायच्या पैशांतले दहा हजार डॉलर खास नाण्यांच्या रूपात मागून घेतले, म्हणजे चाळीस हजार नाणी. एका बाजूला कोलंबसाला पाठबळ देणारी स्पेनची राणी इसाबेला, दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर बसलेली, हातात सूतकताईचं साहित्य घेतलेली बाई. अमेरिकेच्या नाण्यावर आलेली पहिली खरी, होऊन गेलेली स्त्री ती हीच राणी. नाणं पाव डॉलरचं, विकायला ठेवलं एका डॉलरला. त्याच प्रदर्शनातलं कोलंबसाचं अर्ध्या डॉलरचं नाणंही एका डॉलरलाच होतं, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे वळलं. राणीची पंधरा हजारांहून जास्त नाणी परत टांकसाळीत जाऊन वितळली.

तर भाच्याला हे नाणं एका संस्थेकडे ग्रेड लावून घ्यायला पाठवायचं होतं. अमेरिकेत हा मोठा व्यवसाय आहे. पीसीजीएस ही संस्था १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. तिथले तज्ज्ञ नाणं खरं की खोटं ते बघतात, त्याची अवस्था किती चांगली ते ठरवतात, एक ते सत्तर यांतला आकडा देतात आणि नाणं प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून टाकतात. चलनात कधीच न फिरलेल्या नाण्याला साठ आणि त्याच्या वर. राणीच्या गालावर, मुकुटावर, म्हणजे नाण्याचा जो भाग उंच असतो तिथे झीज दिसली की आकडा साठाच्या खाली. नाणं पाठवण्याआधी "तुम्हाला किती वाटतं ते सांगा" असा संग्राहकांचा आपसात खेळ चालतो. भाच्याने तो आमच्या घरातही सुरू केला. फोटो पाठवले, दिव्याखाली नाणं हळूहळू कलवून काढलेला छोटा व्हिडिओ पाठवला, आणि म्हणाला, "मामी, तूही सांग. तुला कुठे काय माहीत म्हणून सोडणार नाही."

घरात सगळ्यांनी पटापट आकडे टाकले. त्रेसष्ट, चौसष्ट, एकाने तर सदुसष्ट. मुलगा खूश व्हावा हाच त्यामागचा हिशेब. मी दोन दिवस काही बोलले नाही. मला नाण्यातलं कळत नाही, पण चांदी घासण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. जुन्या चांदीवर काळाने जी काळपट-निळसर झाक येते ती वेगळी, आणि पावडर लावून घासल्यावर येते ती सरसकट पांढरी चमक वेगळी. घासलेल्या तांब्यावर कोरलेल्या नावाच्या खाचांत काळं तसंच राहतं आणि भोवतालचं मात्र लखलखतं. या नाण्याच्या अक्षरांभोवती मला तेच दिसत होतं. शिवाय व्हिडिओत उजेड सरकला की राणीच्या गालावर एकाच दिशेच्या बारीक रेघा उमटत होत्या. फिरून झिजलेली वस्तू अशी एका दिशेने ओरखडत नाही. फडक्याने घासलेली ओरखडते.

हे सांगावं की नको? त्याने पैसे मोजले होते. आठ-दहा आठवड्यांत संस्था सांगणारच होती. मी गप्प बसले असते तर माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. पण मग मला जे स्पष्ट दिसलं ते माझ्याही लेखी खोटं ठरलं असतं. मी त्याला सांगितलं, "मला आकडा सांगता येणार नाही. हे कुणीतरी कधीतरी घासलंय असं मला वाटतं, आणि ते का वाटतं ते हे असं." तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "घासलेल्या नाण्याला आकडा देतच नाहीत गं. नुसतं 'खरं आहे, घासलेलं आहे' एवढं लिहितात." पुढे तसंच लिहून आलं. त्याने ते नाणं विकलं नाही, ठेवून घेतलं. पण समजा निकाल वेगळा आला असता, तरी मी सांगितलं ते वाया गेलं असतं असं मला वाटत नाही. मी काय पाहिलं आणि कशावरून म्हटलं, ते दोन्ही मी समोर ठेवलं होतं. कुणीही तपासून खोडू शकलं असतं. कारणासकट सांगितलेला अंदाज आणि हवेत टाकलेला आकडा यांत हाच फरक.

पारख हे काम आपल्याकडे जुनं. मराठेशाहीत पोतदार नाणी पारखून घ्यायचा, ते आडनाव आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडे आजही घरोघर आहे. झिजलेल्या, कमअस्सल नाण्याला बदलून घेताना जी रक्कम कापली जायची तिला बट्टा म्हणत. बाजारातला हा शब्द घरात आला आणि नावाला बट्टा लागू लागला. बहुतेक वेळा बाईच्या.

कारण बायका-माणसं पारखायची कामं आपण रोजच करतो. मध्यंतरी मला एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. आमच्या शेजारच्या मुलीसाठी स्थळ आलं होतं. तिचं एक लग्न ठरून मोडलेलं. "तुम्ही जवळून बघताय, मुलगी कशी आहे हो?" अशा फोनला आपलं ठरलेलं उत्तर असतं, "चांगली आहे हो मुलगी." यात खोटं काही नाही, पण खरंही काही नाही. हे म्हणजे घरच्यांनी टाकलेला चौसष्टचा आकडा. मी म्हणाले, "लग्न का मोडलं ते मला माहीत नाही, त्यावर मी बोलणार नाही. सहा वर्षांत मी जे पाहिलं ते सांगते. आजीचं अंथरुणातलं दुखणं तिने दीड वर्ष काढलं. रागावते पटकन, पण अबोला धरत नाही. नोकरी सोडणार नाही म्हणते, आणि मला वाटतं खरंच सोडणार नाही." ते स्थळ पुढे गेलं नाही. मुलीची काकू माझ्यावर नाराज झाली. "एवढं तोलून कशाला बोललात वहिनी? चांगली आहे म्हणून मोकळं व्हायचं." मुलगी स्वतः मात्र मला भेटून म्हणाली, "काकू, बरं झालं सांगितलंत. नोकरीचं मला नंतर सांगावं लागलं असतं."

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेते. सामान्य माणसाने अंदाज बांधण्यापेक्षा जाणकारावर सोपवावं, यातच नम्रता नाही का? जाणकार हवेतच. खोटं नाणं ओळखणं हे माझं काम नव्हे. पण शिक्का म्हणजे देवाचा शब्दही नव्हे. तिकडे लोक डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात आणि कधीकधी आकडा वाढून येतो. नाणं तेच, पाहणारे डोळे वेगळे. आणि एक ते सत्तर ही मोजपट्टी ज्याने १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटसाठी बनवली, त्या विल्यम शेल्डनची गोष्ट तर विचारात पाडते. अमेरिकेतल्या एका मोठ्या नाणेसंस्थेच्या संग्रहातली उत्तम नाणी उचलून त्यांच्या जागी त्याने कमी प्रतीची ठेवली, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. उत्तम आणि मध्यम यांतला फरक त्याच्याइतका कुणाला कळत होता? कळत होता म्हणूनच तो नेमकी तीच नाणी उचलू शकला. डोळा तयार असणं आणि मन स्वच्छ असणं या दोन गोष्टी एकाच प्रमाणपत्रात येत नाहीत.

हाच शेल्डन मानसशास्त्रज्ञ होता. माणसाच्या शरीराची ठेवण तीन आकड्यांत मांडायची आणि त्यावरून स्वभाव सांगायचा, असं त्याचं शास्त्र. त्यासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुला-मुलींचे विवस्त्र फोटो काढले गेले. पालकांनी आरडाओरड केली तेव्हा एका ठिकाणी ते थांबलं. नाण्याला आकडा लावता लावता माणसालाही लावावासा वाटणं, हे किती सोपं आहे बघा. आपण हसायला नको. उंची, रंग, शिक्षण, पगार असा तक्ता आपल्या वधू-वर मेळाव्यांतही असतोच.

मग पारखूच नये का? मला तसं वाटत नाही. न पारखता कुणाला काम देता येत नाही, कुणाच्या घरी मुलगी देता येत नाही, कुणाला उसने पैसेसुद्धा देता येत नाहीत. फक्त पारखताना आपण कुठे उभे आहोत ते सांगावं. आपल्याकडे 'स्यात्' म्हणतात ते याचसाठी. पुष्कळांना वाटतं की स्यात् म्हणजे 'कदाचित', बोलून मोकळं व्हायची पळवाट. तसं नाही. स्यात् म्हणजे 'एका अपेक्षेने', अमुक बाजूने पाहिलं तर. त्या बाजूपुरतं ठामपणे बोलायचं आणि उरलेल्या बाजू उघड्या ठेवायच्या. "हे नाणं घासलेलं आहे" हे चांदीच्या बाजूने. ते शिकागोच्या बायकांनी मागून घेतलेलं नाणं आहे, हे दुसऱ्या बाजूने. पहिल्या वाक्याने दुसरं खोटं होत नाही.

ग्रेड हे फक्त अवस्थेचं माप आहे, आणि त्या मापात जे नाणं कुणाच्या हातालाच लागलं नाही ते सगळ्यांत वर बसतं. नाण्यापुरता हा नियम ठीक आहे. माणसांना लावला तर दीड वर्ष आजीचं दुखणं काढणारीपेक्षा ज्याने कधी कुणाचं काही केलंच नाही तो वरचढ ठरेल. म्हणून कुणाबद्दल विचारणा झाली तर गप्प बसू नका आणि चौसष्टही म्हणू नका. काय पाहिलं, किती दिवस पाहिलं, काय पाहिलेलं नाही, एवढं सांगा. ते ऐकून दुसऱ्याचा शिक्का काय पडायचा तो पडो.