राखलेले अंतर

पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडी स्थानकावरून मिरजेकडे पाहिले, तर दोन्ही रूळ पुढे जाऊन एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. ते खरेच मिसळले असते, तर एकही गाडी मिरजेला पोहोचली नसती. १६७६ मिलिमीटरचे ते अंतर दोघे अखंड राखतात, म्हणून त्यांच्यावरून एवढा भार निर्धास्त वाहून जातो. साधकहो, या राखलेल्या अंतराचेच आज चिंतन करू.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली लघुरेल्वेचे संग्रहालय खुले केले. तसल्या छोट्या गाड्यांचा छंद जपणाऱ्यांना अंतराचे मोल अधिक सूक्ष्मपणे कळते. त्यांच्या ‘एचओ’ मापात, म्हणजे मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात, दोन रुळांमध्ये अवघे १६.५ मिलिमीटर अंतर असते. एका रुळातून वीज येते, चाकांवाटे मोटरीत शिरते आणि दुसऱ्या रुळाने परतते. हे रूळ एखाद्या खिळ्यानेही जोडले गेले, तर शॉर्ट होऊन गाडी जागीच थांबते. येणे आणि परतणे वेगळे राहिले, तरच मधल्या यंत्रात गती उपजते.

गाडी थांबल्यावरही अंतर सुटत नाही. डबे पेटीत ठेवताना जाणता माणूस प्रत्येकासाठी फोममध्ये स्वतंत्र खाच कापतो, कारण एकावर एक रचलेल्या डब्यांचे हुक मोडतात आणि रंग खरवडतो. एका घरात नांदणाऱ्या माणसांचेही असेच आहे. जवळीक टिकते ती प्रत्येकाला आपली जागा मिळाल्याने.

सर्वांत गूढ अंतर वळशाचे. मार्ग वाटोळा फिरून उलट दिशेने स्वतःलाच येऊन मिळाला, की डावा रूळ उजव्याला भिडतो. म्हणून तिथे दोन्ही रूळ कापून वीज न वाहणारी फट ठेवावी लागते आणि गाडी वळशात असताना विजेची दिशा पालटावी लागते. आत्मपरीक्षणही असाच वळसा आहे. स्वतःकडे परतणाऱ्या मनाने पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात साक्षीभावाची फट ठेवली नाही, तर ते आपल्याच समर्थनात जळून जाते.

म्हणूनच वारकरी अद्वैत मानूनही भक्तपण सोडत नाही. देव आणि आपण एकच, हे ज्ञान त्याला अमान्य नसते; तरीही पायांवर डोके ठेवता यावे, एवढे अंतर तो प्रेमाने मागून घेतो.